ऑक्टेव्हिया आरएस स्पीड डेन्सिटीवर नेली, त्याचा सगळा अनुभव

माझ्याकडे स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस आहे, पहिल्या पिढीतली, १.८ लिटर, २० व्हॉल्व्ह, टर्बो पेट्रोल, कंपनीतनं १५० बीएचपी घेऊन आलेली. सेकंड हँड घेऊन नऊ वर्षं झाली. घेतली तेव्हा घरात सगळे म्हणाले एवढ्या पैशात चांगली डिझेल येईल की, पण मला हीच पाहिजे होती आणि आजही हीच पाहिजे. गेल्या पावसाळ्यापासून तिचा मास एअरफ्लो सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर, काढून तिला स्पीड डेन्सिटीवर, म्हणजे प्रेशर आणि तापमानावरनं हवेचा हिशेब काढायच्या पद्धतीवर, आणायचं काम चाललं होतं, आता ते बऱ्यापैकी जागेवर आलंय, तर डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवतोय. बेळगावात बसून हे काम करणाऱ्याला काय काय लागतं, कुठं अडकायला होतं, ते आधी कुणी सांगितलं असतं तर माझे निदान दोन महिने वाचले असते.

सुरुवात टर्बोपासून, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यापासून, झाली. जुन्या टर्बोच्या शाफ्टला प्ले आला, गाडी निळा धूर सोडायला लागली, आणि खोलायचाच आहे तर जरा मोठ्या चाकाचा हायब्रीड टर्बो बसवू असं ठरलं. सोबत ५५० सीसीचे इंजेक्टर आले, फ्युएल पंप आला, ओरिजिनल ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, रिमॅप झाला, आतले आकडे बदलले. गाडी पळायला लागली, पण वर गेल्यावर काहीतरी चुकतंय हे सीटवर बसूनच कळायचं. मग लॅपटॉप लावून लॉग काढला. आरपीएमची रेष वर चाललीय, बूस्ट, म्हणजे टर्बोनं दिलेलं जादा प्रेशर, जागेवर आहे, आणि हवेची रेष ५,००० च्या पुढं एकदम सपाट, जणू पट्टी ठेवून मारलीय. म्हणजे हवा वाढत होती पण सेन्सरचं माप संपलं होतं, आणि ईसीयूला वाटत होतं की हवा वाढतच नाहीये, म्हणून तो पेट्रोलही वाढवत नव्हता. लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे बरोबर, १ च्या खाली पेट्रोल जास्त म्हणजे रिच, वर पेट्रोल कमी म्हणजे लीन. ६,००० ला लॅम्डा ०.९२ बघितल्यावर पाय उचलला तो उचललाच. बूस्टमध्ये तिथं ०.८० च्या आसपास पाहिजे.

यात सेन्सरचा दोष नाही, तो १५० बीएचपीच्या हवेसाठी बनवलेला आहे, मी त्याच्यातनं त्याच्या मापाबाहेरची हवा ओढत होतो. मोठ्या पाइपमध्ये तोच सेन्सर बसवून स्केलिंग बदलणं हा एक मार्ग होता, बरेच जण तो करतात आणि तो वाईट नाहीये. पण मला आणखी एक त्रास होता, मोठ्या टर्बोचं तोंड आणि सेन्सर यांच्यात अंतर फार कमी राहिलं होतं, हवा तिथं फिरून उलटी यायची आणि आयडलला, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू असताना, रीडिंग नाचायचं. शिवाय सेन्सरनंतर कुठंही पाइपचा क्लॅम्प ढिला झाला की मोजलेली हवा बाहेर आणि गाडी रिच. आमच्या रस्त्यांवर क्लॅम्प ढिले होतातच, खानापूर रोडला एकदा जाऊन आलं की कळतं. म्हणून ठरवलं की फॅक्टरीच्या सॉकेटमध्येच बसणारा स्टँडअलोन ईसीयू घ्यायचा, म्हणजे कंपनीच्या ईसीयूच्या जागी येणारा, ज्यातले सगळे आकडे आपण भरायचे, १२१ पिनचा, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल म्हणजे हवेची झडप चालवणारा, आणि हवा मोजायचीच नाही, हिशेबानं काढायची.

हिशेब तसा अकरावी-बारावीच्या फिजिक्सचा आहे. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागात, प्रेशर किती, त्या हवेचं तापमान किती, सिलिंडरचा आकार किती, एवढं कळलं की त्यात किती ग्रॅम हवा मावते ते काढता येतं. आमचं इंजिन १,७८१ सीसी, म्हणजे एका सिलिंडरला ४४५. १०० किलोपास्कल प्रेशर आणि २० अंश तापमान असेल तर पूर्ण भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण ०.५३ ग्रॅम हवा येते. तीच हवा ६० अंशाची असेल तर ०.४७ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ १२ टक्के कमी, प्रेशर तेवढंच असून. पण सिलिंडर कधीच कागदावरच्यासारखा भरत नाही, कधी अर्धा भरतो, टॉर्कच्या जागी जवळजवळ पूर्ण भरतो, आणि तो किती टक्के भरतो हेच व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी, ज्याला सगळे व्हीई म्हणतात. एका बाजूला आरपीएम, एका बाजूला मॅनिफोल्ड प्रेशर, १६ गुणिले १६, म्हणजे २५६ खाने, आणि प्रत्येक खान्यात आपण भरायचा एक आकडा. हॉट फिल्मचा सेन्सर हवा स्वतः मोजत होता, तो काढला की ते मोजमाप या २५६ आकड्यांवर आणि एका तापमानाच्या सेन्सरवर येतं. हे मला वाचून माहीत होतं, पण त्या तापमानाच्या सेन्सरवर किती येतं ते हत्तरगीच्या टोल नाक्यावर कळलं, ते पुढं सांगतो.

हार्डवेअर म्हटलं की बेळगावात काळजी नाही. उद्यमबागेत काय होत नाही, फाउंड्री आहे, लेथ आहे, हायड्रॉलिकवाले आहेत, दहा पावलांवर आर्गन वेल्डिंग. मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणारा, मी ३ बारचा घेतला. इथं एक गोष्ट नीट सांगतो कारण यात लोक फसतात. या गाडीला कंपनीचा एक प्रेशर सेन्सर आधीच आहे, पण तो थ्रॉटलच्या अलीकडे, इंटरकूलरच्या बाजूला आहे, टर्बो किती बूस्ट देतोय ते बघायला. स्पीड डेन्सिटीला थ्रॉटलच्या पलीकडचं, मॅनिफोल्डच्या आतलं प्रेशर लागतं. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, त्याच्या अलीकडे बाहेरच्या हवेएवढं प्रेशर आणि पलीकडे ३५-४० किलोपास्कल, जमीन-अस्मानाचा फरक. आणि मॅनिफोल्डमधनं घ्यायचं तर ते एका रनरमधनं नाही, चारही सिलिंडरच्या सामाईक पोटातनं घ्यायचं, नाहीतर एकाच सिलिंडरचा श्वास दिसत राहतो. मी घाईत आधी डायव्हर्टर व्हॉल्व्हच्या नळीला टी टाकून काम भागवायला बघितलं, तर पाय सोडला की रीडिंग उड्या मारायचं. मग मॅनिफोल्ड काढून घेऊन गेलो उद्यमबागेत, स्वतंत्र बुश बसवून घ्यायला.

तिथले वेल्डरमामा माझ्या वडलांच्या ओळखीचे, तीस-पस्तीस वर्षं त्याच शेडमध्ये. मॅनिफोल्ड उलटसुलट करून बघितला, कंपनीच्या हवेच्या तापमानाच्या सेन्सरचं भोक होतं त्यात बोट घातलं आणि विचारलं, "हे काय आहे गा, पाण्याचं टेंपरेचर काय?"

म्हटलं, "नाही मामा, हवेचं. त्यावरनं पेट्रोल किती टाकायचं ते ठरणार."

"मग इथं कशाला लावूलालास? इथं धातू तापतंय. भट्टीचं टेंपरेचर भिंतीला हात लावून बघितल्यासारखं होईल की."

मी म्हटलं कंपनीनंच तिथं दिलाय मामा. ते काही बोलले नाहीत, काच खाली ओढली आणि बुश वेल्ड करून दिला. एक्झॉस्टला वाइडबँडसाठी, म्हणजे धुरातल्या ऑक्सिजनवरनं लॅम्डा सांगणाऱ्या सेन्सरसाठी, १८ एमएमचा, दीड पिचचा बुश पण त्यांनीच लावला, टर्बोपासून हातभर लांब आणि सेन्सर वरच्या अंगाला कलता राहील असा, कारण आमच्या पावसात थंड एक्झॉस्टमध्ये पाणी साठतं आणि तापलेल्या सेन्सरवर ते पाणी गेलं की सेन्सर संपला.

पहिल्यांदा किल्ली फिरवायच्या आधी सेन्सर तपासायचे. इंजिन बंद, किल्ली ऑन, मॅप दाखवतोय ९२.६. मुंबईचा एक मित्र फोनवर होता, चांगला जाणकार, तो म्हणाला इंजिन बंद असताना १०० च्या वर दिसायला पाहिजे, तुझं कॅलिब्रेशन चुकलंय, ऑफसेटमध्ये ९ टाक. मी टाकणारच होतो. मग मावसभावाच्या फोनमध्ये बॅरोमीटर आहे तो बघितला, तो पण ९२५ हेक्टोपास्कल. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, इथं हवाच तेवढी आहे. तो ९ टाकला असता तर आयडलच्या ३६ ला ईसीयू ४५ समजला असता, म्हणजे सरळ पंचवीस टक्के जास्त पेट्रोल, आणि ते झाकायला मी सगळा व्हीई टेबल वाकडा भरला असता. घाटमाथ्यावर राहणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवा, आपला शून्य मुंबईचा शून्य नाही.

इंजेक्टरचं पण तसंच. इंजेक्टरला करंट दिल्यावर तो उघडायला थोडा वेळ घेतो, त्याला डेड टाइम म्हणतात, साधारण एक मिलिसेकंद धरा, आणि बॅटरीचा व्होल्टेज कमी झाला की तो वाढतो. मोठ्या इंजेक्टरला आयडलला अख्खा पल्सच दोन मिलिसेकंदाच्या आसपास असतो, म्हणजे अर्धा वेळ उघडण्यातच जातो, मग तो आकडा जरा चुकला तर आयडल चुकलंच. माझी गाडी दिवसा शहाण्यासारखी उभी राहायची आणि रात्री हेडलाइट लावून रेडिएटर फॅन सुरू झाला की लीन होऊन थरथरायची. मी आठवडाभर व्हीई बदलत बसलो, चूक डेड टाइमच्या टेबलात होती. इंजेक्टरचा डेटा विक्रेत्याकडनं घेतल्याशिवाय इंजेक्टर घेऊच नका, स्वस्तातले मिळतात पण त्यांचा कागद मिळत नाही.

गाडी तिसऱ्या सेल्फला सुरू झाली, तो आवाज ऐकून आई बाहेर आली, म्हणाली झालं वाटतं. झालं नव्हतं, सुरू झालं होतं. वाइडबँड सारखा लीन दाखवत होता, मी आयडलचे खाने वाढवत गेलो, ४८, ५२, ५७, तरी लीन, आणि मागनं मात्र कच्च्या पेट्रोलचा वास. वास एक सांगतोय आणि आकडा दुसरंच, तर थांबायला पाहिजे होतं. दोन दिवसांनी प्लग काढले, चारही काळेकुट्ट. कारण काय तर टर्बोच्या खाली डाउनपाइपच्या फ्लँजचं गॅस्केट लीक होतं. आयडलला एक्झॉस्टमध्ये धक्के येतात, दोन धक्क्यांच्या मधे त्या फटीतनं बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो आणि तो म्हणतो लीन. गॅस्केट बदललं, बोल्ट नवीन टाकले, सगळे खाने परत खाली आणले, ४६ वर आयडल लॅम्डा १.०० ला टेकला. तेव्हापासून नियम केलाय, टेबलाला हात लावायच्या आधी सायलेन्सरच्या तोंडावर फडकं दाबून धरायचं आणि पुढं कुठं फुसफुस येते का ऐकायचं.

मग खाने भरायचं काम. रविवारी पहाटे साडेपाचला निघायचो, गाडी मी चालवायचो आणि लॅपटॉप मावसभावाच्या मांडीवर, हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही, चालवणाऱ्यानं स्क्रीनकडे बघायचं नाही. काकतीच्या पुढं वंटमुरीचा घाट आहे ना हायवेला, तो या कामाला देवानंच बनवल्यासारखा आहे. सपाट रस्त्यावर क्रूझला ४५-५० किलोपास्कलच्या वर लोड येत नाही, थ्रॉटल दाबला की गाडी पळते आणि खाना निसटतो. चढावर चौथ्या गिअरला एकाच स्पीडला पाय स्थिर ठेवला की ७०-८० चा खाना पाच-सहा सेकंद हातात राहतो, तेवढं पुरतं. हिशेब सोपा आहे, जुना आकडा गुणिले आलेला लॅम्डा भागिले पाहिजे तो लॅम्डा. ३,००० आणि ६० च्या खान्यात ७२ होते, लॅम्डा आला १.०८, पाहिजे १.००, तर नवा आकडा ७७.८. सॉफ्टवेअर हे आपोआप करतं, ऑटोट्यून आहे, पण आम्ही पहिले शंभरेक खाने हातानं केले आणि त्याचा फायदा झाला, टेबलाचा आकार डोळ्यासमोर बसला, कुठला आकडा शेजाऱ्यांपेक्षा विचित्र वर-खाली आहे ते लगेच दिसतं. ऑटोट्यूनला गिअर बदलताना आलेला एखादा चुकीचा आकडा पण खरा वाटतो.

सगळं काम लॅम्डामध्ये करा, एअर-फ्युएल रेशोच्या आकड्यात नको, हे कळकळीनं सांगतोय. जुने लेख वाचून १४.७ डोक्यात बसलंय सगळ्यांच्या, ते शुद्ध पेट्रोलचं आहे. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आहे, त्याचा योग्य रेशो साडेतेराच्या आसपास येतो. लॅम्डा १ म्हणजे १, पेट्रोल कुठलंही असो.

कोल्ड स्टार्टनं मात्र सगळ्यात जास्त परीक्षा बघितली. बाकी काही चुकलं तर दहा मिनिटांत परत करून बघता येतं, कोल्ड स्टार्ट दिवसातनं एकदाच मिळतो. रात्रभर गाडी उभी, सकाळी पाणी २१ अंश, किल्ली मारली, पकडली आणि दोन सेकंदांत बंद. परत मारली तर ती आता खरी थंड नाही, आत पेट्रोल ओलं आहे, त्यावरनं काही शिकता येत नाही. एक बदल करायचा आणि उद्याची वाट बघायची. वहीत तारीख, पाण्याचं तापमान, क्रँकिंगला पल्स किती, सुरू झाल्यावरचं जादा पेट्रोल किती टक्के आणि किती सेकंद, असं लिहीत गेलो. अठ्ठावीस ओळी आहेत त्या वहीत. पावसाळ्यात सकाळ २० च्या खाली जात नाही आमच्याकडे, मग ऑक्टोबरच्या शेवटी १७ मिळाली, नोव्हेंबरात १५, तसतसे त्या टेबलाचे डावीकडचे खाने भरत गेले. टिळकवाडीतले आमचे शेजारी रिटायर्ड आहेत, पहाटे चालायला निघतात, ते रोज गेटजवळ थांबायचे. पहिल्या झटक्यात सुरू होऊन १,१५० वर स्थिर राहिली त्या दिवशी तेच आधी म्हणाले, "आज बरोबर झालं बघ."

आता हत्तरगी. ऑक्टोबरमधली दुपार, निपाणीहून परत येत होतो, ऊन करकरीत, टोलला पंधरा-वीस मिनिटं रांग. गाडी पुढं चार फूट, थांब, पुढं चार फूट, थांब. आयडल हलायला लागलं, ८५० वरनं ७००, परत १,०००, आणि शेवटी बंद पडली. सुरू केली, परत तेच. लॅपटॉप मागच्या सीटवर होता, बाजूला घेऊन बघितलं तर हवेचं तापमान ६८ अंश. बाहेर ३३ होतं. बॉनेटखालची गरम हवा धरली तरी सिलिंडरमध्ये जाणारी हवा ४५ च्या वर नसणार. ईसीयूनं काय केलं, हवा ६८ ची आहे म्हणजे पातळ आहे असं समजून पेट्रोल कमी केलं. केल्व्हिनमध्ये भाग द्या, ३४१ आणि ३१८, सरळ ७ टक्के लीन, आणि थरथरणाऱ्या आयडलला ७ टक्के खूप झाले. सेन्सर हवेचं तापमान देतच नव्हता, मॅनिफोल्डच्या ॲल्युमिनियमचं देत होता. भट्टीचं टेंपरेचर भिंतीला हात लावून. मामांनी जे दोन मिनिटांत सांगितलं ते मला तीन महिन्यांनी टोलच्या रांगेत पटलं.

दुसऱ्या दिवशी इंटरकूलरनंतरचा पाइप काढून त्यांच्याकडे गेलो. काही न बोलता त्यांनी १२ एमएमचा बुश लेथवर काढला आणि पाइपवर लावला, इंजिनपासून लांब, पुढच्या बंपरच्या आत, आणि सेन्सर उघड्या टोकाचा घेतला, जो हवेच्या बदलाला पटकन प्रतिसाद देतो. पण एवढ्यानं पण पूर्ण भागत नाही, हे नीट समजून घ्या. आयडलला हवा हळू चालते, तिथनं सिलिंडरपर्यंत जाताना ती गरम पाइपमध्ये, मॅनिफोल्डमध्ये तापते, तर सेन्सर ४० म्हणाला तरी आत ५० ची जाते. फुल बूस्टमध्ये हवा एवढ्या जोरात जाते की तापायला वेळच नाही, सेन्सर म्हणेल तेच खरं. म्हणून ईसीयूत एक टेबल असतो, हवा कमी असेल तर पाण्याच्या तापमानाकडे थोडं झुकायचं, जास्त असेल तर हवेच्या सेन्सरवर पूर्ण विश्वास. तो टेबल मी भरलाच नव्हता. मग एक दुपार फक्त तेवढंच काम, गाडी तापवायची, वीस मिनिटं उभी करायची, सुरू करून लॅम्डा बघायचा, परत. आता हत्तरगीला अर्धा तास उभी केली तरी ८५० वरनं हलत नाही, मुद्दाम दोनदा जाऊन बघितलं.

बूस्टचे खाने रस्त्यावर भरले नाहीत, ते रस्त्यावर भरायचे नसतातच. पुण्याला डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, नेली, एक पूर्ण दिवस घेतला. डायनो गाडीला एका आरपीएमला धरून ठेवू शकतो, घाटात पाच सेकंद मिळणारा खाना तिथं शांतपणे मिळतो. तिथल्या ट्यूनरनं इंजिनला नॉक, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकल्याचा ठोका, ऐकायचा माइक लावला आणि हेडफोन मला दिला. ८१ एमएम बोअरच्या इंजिनचा नॉक साधारण ७ किलोहर्ट्झच्या आसपास वाजतो, फिल्टर तिथं लावला की बाकीचा आवाज मागं पडतो. त्यानं ठिणगीचं टायमिंग एकेक अंश वाढवत नेलं आणि एका जागी हेडफोनमध्ये वाळूचा दाणा काचेवर पडावा तसा एकच टिक् आला. लॉगमध्ये तो दिसायच्या आधी कानाला कळला. त्यानं लगेच दोन अंश मागं घेतलं आणि म्हणाला इथंच थांबायचं, उन्हाळा अजून यायचाय. प्रेशर २०० किलोपास्कलवर ठेवलं, म्हणजे बेळगावच्या हवेत १.०८ बार बूस्ट, लॅम्डा ०.८०, इंजेक्टर ६५ टक्क्यांवर. खालच्या आरपीएमला बूस्ट मुद्दाम हळू चढवला कारण या इंजिनचे कनेक्टिंग रॉड बारीक आहेत आणि ३,००० ला एकदम टॉर्क आला की आधी तेच वाकतात. चाकावर २०४ बीएचपी आले. त्यापेक्षा मला ती हवेची सपाट रेष गेल्याचा आनंद जास्त आहे, आता ६,५०० पर्यंत लॅम्डा एका दोरीत आहे.

यात धोका कुठं आहे ते चोर्ला घाटात कळलं. जांबोटी, कणकुंबी करत घाट उतरून साखळीला गेलो, खाली ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये स्वतः करत असलेली दुरुस्ती, बघितला तर गाडी दोन-तीन टक्के रिच. ते अपेक्षित होतं, खाली बाहेरचं प्रेशर १०१, एक्झॉस्टला बाहेर पडायला जरा जास्त जोर लागतो, जुना धूर सिलिंडरमध्ये थोडा जास्त उरतो, तेवढी नवी हवा कमी. बॅरोमीटरचा करेक्शन टेबल तिथंच बसून भरला. परत चढताना मात्र एका वळणानंतर गाडी एकदम जड झाली, मागनं काळा धूर, आणि थ्रॉटल दाबला तर ईसीयूनं बूस्ट तोडला. बॉनेट उघडलं, मॅप सेन्सरची चार एमएमची सिलिकॉन नळी निपलवरनं निसटलेली. सेन्सर बाहेरची हवा बघत होता, म्हणजे आत काहीही असो, त्याच्या लेखी कायम ९३-९४. आयडलला आत ३६ असताना पेट्रोल ९४ चं, म्हणून धूर. आणि बूस्टमध्ये आत १८० असताना पेट्रोल ९४ चं, म्हणजे जवळजवळ अर्धं. त्या जागी पिस्टन वितळतो. वाचलो ते डायनोवर ट्यूनरनं लॅम्डाचं प्रोटेक्शन लावून दिलं होतं म्हणून, बूस्टमध्ये ठरल्यापेक्षा लीन दिसलं की ईसीयू लगेच तोडतो. एका नळीवर अख्खं इंजिन अवलंबून आहे. आता ती नळी दोन्ही टोकांना स्प्रिंग क्लिपनं बांधलीय, लांबी कमी केलीय, आणि ईसीयूत आणखी एक तपासणी लावलीय, थ्रॉटल बंद आणि मॅप ८० च्या वर असेल तर दिवा लावायचा आणि बूस्ट बंद ठेवायचा. हे प्रोटेक्शन लावल्याशिवाय कुणीही स्पीड डेन्सिटीची गाडी बूस्टमध्ये नेऊ नका, हात जोडून सांगतो.

काय मिळालं ते पण सांगतो. क्लॅम्प ढिला झाला तर गाडी आता रिच होत नाही, टर्बो थोडा जास्त राबतो एवढंच. इनटेकचा पाइप मोकळा झाला, टर्बो दोन-तीनशे आरपीएम आधी जागा होतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे, पीयूसी पास आहे. काय गेलं, तर मोकळीक गेली. आधी फिल्टर बदला, सायलेन्सर बदला, सेन्सर हवा मोजून घ्यायचा. गेल्या महिन्यात मागचा सायलेन्सर फुटला म्हणून दुसरा बसवला तर बूस्टचे खाने चार-पाच टक्क्यांनी सरकले, परत लॉग, परत काम. ज्याला वर्षातनं एकदा सर्व्हिस करून गाडी विसरायचीय त्यानं हवेचा सेन्सर काढू नये, मोठ्या पाइपमध्ये बसवावा, मी मनापासून हाच सल्ला देतो.

वहीत १५ अंशाची ओळ शेवटची आहे. त्याच्या डावीकडचे खाने मी अंदाजानं भरलेत. डिसेंबरात पहाटे १२-१३ ची एखादी सकाळ मिळते बेळगावला, त्यासाठी लॅपटॉप रात्रीच गाडीत ठेवतोय.